वृत्तछायाचित्रकाराचे रोजचे काम आणि त्यासाठी लागणारे शरीर

पत्रकारितेचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. जिल्ह्याच्या दैनिकात छायाचित्रकार म्हणून काम करणाऱ्याचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, कामाबाहेरच्या वेळेत त्याला व्यायामाचा किंवा खेळाचा छंद जपता येतो का, आणि उंची कमी व अंग किरकोळ असलेल्या मुलीला हे काम झेपेल का. मी अनेक वर्षे कोल्हापुरात हे काम करीत आलो आहे, त्यामुळे उत्तरातली उदाहरणे इथलीच आहेत. माझ्या मते या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीपाशी येऊन मिळते. या कामात धावपळ वाटते त्यापेक्षा कमी असते आणि ताटकळत उभे राहणे फार असते. ओझे नेहमी शरीराच्या एकाच बाजूला पडते. आणि दिवसातला कोणता तास आपला आहे हे आपण ठरवू शकत नाही. छंद निवडताना या तीन गोष्टी लक्षात घेतल्या, तर तो टिकतो आणि कामालाही बळ देतो.

आधी दिवसाबद्दल. सकाळी कार्यालयातून दिवसभराच्या कार्यक्रमांची यादी येते. जिल्हाधिकारी कार्यालयासमोरचा मोर्चा, महापालिकेतले आंदोलन, एखाद्या संघटनेचे निवेदन, शाळेतले बक्षीस वितरण, मार्केट यार्डातले गुळाचे सौदे, संध्याकाळचे व्याख्यान किंवा सत्कार, असे तिचे स्वरूप असते. यादीत नसलेल्या गोष्टी त्यात मधेच घुसतात. कुठे आग लागते, महामार्गावर अपघात होतो, झाड पडते, मंत्र्यांचा दौरा ऐनवेळी बदलतो. बातमीदाराला चुकलेली घटना नंतर फोनवर विचारून लिहिता येते, पण छायाचित्रकाराला घटना घडत असताना तिथे असावेच लागते. म्हणून आमच्या दिवसाचा मोठा भाग वेळेआधी पोहोचून वाट पाहण्यात जातो. मोर्चा अकराचा असला तरी तो निघतो बाराला, आणि आपण साडेदहाला आलेलो असतो, कारण मागची इमारत, उन्हाची दिशा आणि उंचावरची जागा आधी पाहून ठेवायची असते.

निवेदन देतानाचे किंवा सत्काराचे छायाचित्र नव्या मुलांना कंटाळवाणे वाटते. मला ते तसे वाटत नाही. मुलीला शिष्यवृत्ती मिळाल्याचे दोन कॉलमी छायाचित्र तिच्या घरात कात्रण करून वर्षानुवर्षे जपले जाते, आणि त्या घरासाठी वर्तमानपत्राचे त्या दिवसाचे सर्वांत मोठे काम तेच असते. म्हणून तिथेही प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट आला पाहिजे, कोणाचे डोळे मिटलेले नसावेत, आणि जागा सोडण्यापूर्वी डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहून घेतली पाहिजेत. छायाचित्राखाली छापली जाणारी फोटोओळ हा आमच्या कामाचा अर्धा भाग आहे. आडनाव चुकले, गावाचे नाव चुकले किंवा डावी-उजवी बाजू उलटली, तर चांगले छायाचित्रही वाया जाते. तालुक्याच्या आवृत्त्या आधी छपाईला जातात आणि शहर आवृत्ती शेवटी. त्यामुळे जयसिंगपूरच्या ऊस परिषदेचे छायाचित्र मोटारसायकलच्या सीटवर बसून निवडावे लागते आणि ओळीसह मोबाइलवरून तिथल्या तिथे पाठवावे लागते. परत येऊन निवांत काम करण्याची मुभा फार कमी वेळा मिळते.

कायद्याचे भान हाही याच रोजच्या कामाचा भाग आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे कलम २३ माध्यमांना स्पष्ट बंधन घालते. चेहरा झाकला म्हणजे काम झाले असे समजू नये. घराचा दरवाजा, शाळेचा गणवेश, आईचा चेहरा यांवरूनही मूल ओळखू येते. अपघाताच्या ठिकाणी आणि रुग्णालयाच्या आवारात माझा नियम साधा आहे. नातेवाईक रडत असतील तर पुढे सरसावून लेन्स त्यांच्यासमोर धरायची नाही. लांबून, माणसांच्या पाठीमागून घेतलेले छायाचित्रही घटना सांगते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत आपल्याला पुन्हा जाता येते.

आता शरीराकडे वळतो. आमच्याकडच्या वर्षाचा क्रम पाहिला की कोणता अवयव कधी थकतो हे सहज कळते. फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असे पेठांचे आणि तालमींचे संघ उतरतात, तेव्हा गॅलरी भरलेली असते आणि आपण गोलपोस्टच्या बाजूला एका गुडघ्यावर बसलेले असतो. खाली बसण्यामागे कारण आहे. कॅमेरा जमिनीजवळ असला की खेळाडू उंच दिसतो, मागची अनावश्यक गर्दी कमी होते आणि चेंडू हवेत असल्याचे जाणवते. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद ठेवावा लागतो, सत्तर ते दोनशे मिलिमीटरची लांब लेन्स डोळ्याला लावलेली असते, आणि पूर्ण सामना असा बसून काढला की उठताना गुडघा आणि कंबर दोन्ही बोलू लागतात. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि ही लेन्स मिळून वजन अडीच किलोच्या आसपास जाते. हातात घेऊन पाहिले तर ते फार वाटत नाही. तासभर डोळ्याशी धरल्यावर त्याची खरी किंमत कळते.

चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा ही वेगळी परीक्षा आहे. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंचच उंच काठ्या, नाचत येतात, चांगभलंचा गजर होत असतो आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू असते. मंदिराची आवारे, दीपमाळा, माणसे सगळे गुलाबी झालेले असते. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी माझे मन भरत नाही. पण हाच गुलाल कॅमेऱ्याचा मोठा शत्रू आहे. झूम पुढे-मागे करताना ज्या लेन्सची नळी बाहेर येते, ती लेन्स प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलालाची बारीक पूड आत जाते. म्हणून त्या दिवशी नळी बाहेर न येणारी लेन्स लावावी, डोंगरावर पोहोचण्यापूर्वीच ती बसवून घ्यावी, आणि परत येईपर्यंत लेन्स बदलू नये. पुढे फिल्टर असावा. बॉडीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावावे आणि फक्त लेन्सचे तोंड व व्ह्यूफाइंडर मोकळा ठेवावा. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसण्याची घाई करू नये, कारण पाणी लागताच गुलालाचा रंग फटींत उतरतो. आधी ब्लोअरने हवा मारावी, मग मऊ ब्रशने झटकावे, आणि सगळी पूड गेल्यावरच कोरडे कापड फिरवावे. नाका-तोंडावर पातळ सुती रुमाल बांधावा. नाही तर पुढचे दोन दिवस खोकला येत राहतो आणि पायऱ्या चढताना दम लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांचे लक्ष पंचगंगेकडे असते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि पावसाळ्यात इथल्या शाळकरी मुलांनाही हे आकडे पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी या पातळीच्या कितीतरी वर गेले, शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग बंद पडला, आणि चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतून माणसे बोटींनी बाहेर काढावी लागली. पुराचे छायाचित्र घेताना पाण्याच्या विस्तारापेक्षा त्याची खोली दाखवणे महत्त्वाचे असते. वाचकाला रोज दिसणारी दुकानाची पाटी, विजेचा खांब किंवा देवळाची कमान चौकटीत असली, तर पाणी कुठवर आले हे त्याला एका नजरेत समजते. मी शक्यतो दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच दिशेने उभा राहतो, म्हणजे दोन वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवून तुलना करता येते. पण वाहत्या पाण्यात उतरू नये. गटाराचे झाकण उघडे असते, विजेचा प्रवाह चालू असू शकतो, आणि गळ्यात कॅमेरा असताना तोल गेला तर हात मोकळे राहत नाहीत. बोटीत बसले तर लाइफ जॅकेट घालून बसूनच छायाचित्रे घ्यावीत. पुराच्या पाण्यात पाय भिजले असतील आणि त्यावर जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. अंगावर ताप न काढता डॉक्टरांना गाठावे. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, म्हणून रात्री सगळे सामान सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावे, पण ओले ठेवू नये.

अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक मात्र पूर्णपणे पायांची परीक्षा घेते. महाद्वार रोडवरून पापाची तिकटी आणि गंगावेशीकडे जाणारी ही मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मोटारसायकल आत नेता येत नाही, बसायला जागा मिळत नाही, आणि ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर कानांचे हाल होतात. कानात बोळे घालावेत, हे मी प्रत्येक नव्या मुलाला आग्रहाने सांगतो. लेसरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कायमचे डाग पडू शकतात, आणि डोळ्यांनाही तो घातक आहे. असा झोत फिरताना दिसला की कॅमेरा खाली घ्यावा. त्या क्षणाचे छायाचित्र हुकले तरी चालते. अंबाबाईच्या किरणोत्सवात याच्या अगदी उलट असते. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. ठरवून दिलेल्या जागेवर मुकाट्याने दीर्घकाळ उभे राहायचे आणि मोजक्या मिनिटांत काम संपवायचे. न हलता उभे राहणे हे चालण्यापेक्षा थकवणारे असते, कारण पोटऱ्या आखडतात आणि कमरेवर ताण साठत जातो.

या कामात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसांच्या तक्रारी विचाराल तर त्या जवळजवळ सारख्याच निघतील. मान पुढे झुकलेली, पिशवीच्या बाजूचा खांदा वर उचललेला, कमरेच्या खालच्या भागात दुखणे, आणि एक गुडघा दुसऱ्यापेक्षा कमजोर. यावर पहिला उपाय व्यायामाचा नसून सामानाचा आहे. एका खांद्यावर लटकणारी पिशवी सोडून द्यावी. दोन बॉडी वापरत असाल तर दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा पट्टा घ्यावा, लेन्स कमरेच्या पट्ट्यातल्या पाउचमध्ये ठेवाव्यात, आणि लांब सामन्यासाठी मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याला आधार देणारी एका पायाची काठी, वापरावा. ज्या कामाला एक बॉडी आणि एक लेन्स पुरते, तिथे सगळी पिशवी नेण्याचा मोह टाळावा.

त्यानंतर छंद. कोल्हापुरात व्यायामाचा विषय निघाला की तो तालमीशिवाय पुरा होत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कुस्त्यांसाठी खासबाग मैदान उभे केले, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींनी मल्ल घडवले, आणि कुस्ती न खेळणाऱ्या कितीतरी घरांतही जोर-बैठका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. छायाचित्रकाराने तालमीतून घ्यावी अशी माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मुद्गल, म्हणजे फिरवण्याची जड लाकडी गदा. दिवसभर आपले हात छातीपुढे असतात, त्यामुळे छातीचे स्नायू आखडतात आणि पाठीचे ताणले जातात. मुद्गल डोक्यामागून फिरवताना खांदा पूर्ण फिरतो, पाठीचा वरचा भाग कामाला लागतो, मनगट आणि पकड मजबूत होते, आणि दोन्ही हातांनी सारख्याच फेऱ्या कराव्या लागत असल्याने कमजोर बाजू लपून राहत नाही. सुरुवात हलक्या मुद्गलाने, जाणत्या वस्तादाच्या नजरेखाली करावी. वजन वाढवण्याची घाई केली तर जो खांदा वाचवायचा तोच दुखावतो. जोर सगळ्यांनी घालावेत. बैठकांच्या बाबतीत मात्र गुडघा पाहून ठरवावे. ज्याचा गुडघा आधीच कुरकुरतो, त्याने पूर्ण बैठका मारण्यापेक्षा भिंतीला पाठ लावून अर्धे बसावे.

पोहण्याला मी दुसरे स्थान देतो. पंचगंगेच्या घाटावर पोहण्याची इथे जुनी परंपरा आहे, रंकाळ्याजवळ अंबाई टँक आहे. पाण्यात मानेवरचा आणि कमरेवरचा भार उतरतो, हात डोक्याच्या वर जातात आणि श्वास लांबतो. नदीत पोहायचे तर पावसाळा आणि गढूळ पाणी टाळावे, आणि एकट्याने उतरू नये. सायकलचे वेड सध्या आमच्या व्यवसायात बरेच आहे. सकाळी केर्लीवरून जोतिबाचा घाट किंवा वाघबीळमार्गे पन्हाळा चढून येणारे काही सहकारी मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्या पायांतली ताकद यात्रेत दिसते. तरी खाली वाकलेल्या हँडलची सायकल मी सुचवणार नाही. दिवसभर झुकलेली मान सकाळीही तासभर तशीच ठेवणे योग्य नाही. सरळ हँडलची साधी सायकल या कामाच्या माणसाला अधिक मानवते. घाट उतरताना वेग आवरावा, इतके सांगून पुढे जातो.

डोंगर चढणे उत्तमच. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट शिवरायांच्या १६६० मधील सुटकेच्या आठवणीने हजारो माणसे दरवर्षी जुलैमध्ये चालतात. पण ती दोन दिवसांची आहे आणि नेमकी पुराच्या तोंडावर येते, त्यामुळे रजा मंजूर होऊनही ती हातातून जाण्याची शक्यता असते. ज्याला रजेची खात्री नाही त्याने हिवाळ्यात मसाई पठारापर्यंत जाऊन यावे. वाट मोकळी असते आणि दुपारपर्यंत परतता येते.

मधेच सोडून जाता येईल असाच छंद निवडावा, असे मी म्हणतो त्याचे कारण इथेच आहे. फुटबॉल किंवा क्रिकेटच्या संघात नियमित खेळायचे ठरवले, तर निम्म्या सामन्यांना आपण दुसऱ्या कोणाचे तरी छायाचित्र काढत असतो आणि संघ अडचणीत येतो. मॅरेथॉनचे आठवड्याआठवड्याचे वेळापत्रक गणेशोत्सव, नवरात्र किंवा निवडणूक आली की मोडते, आणि ते मोडल्याच्या खंतीने काही जण व्यायामच सोडून देतात. याउलट सूर्यनमस्कार, मुद्गल, पोहणे आणि चालणे हे दहा मिनिटांतही करता येते आणि तासभरही. पहाटे साडेपाच ते सात हा काळ बहुधा शांत असतो. फोन सोबत ठेवावा, भरलेली पिशवी घरात दाराशी तयार ठेवावी, पण कॅमेरा तालमीत किंवा डोंगरावर नेऊ नये. या मतावर माझे काही मित्र नाराज होतात, कारण त्यांची चांगली छायाचित्रे भटकंतीतच मिळाली आहेत. मला वाटते, चौकट शोधणाऱ्या डोळ्यालाही काही वेळ नुसते पाहू द्यावे. गळा मोकळा असला की मान सरळ राहते, हा फायदा वेगळाच.

आता उंचीचा आणि अंगकाठीचा प्रश्न. उंची असेल तर गर्दीत सोय होते, हे खरे आहे. परंतु आधी पोहोचून कठडा, पायरी किंवा दुभाजक धरलेला छायाचित्रकार उशिरा आलेल्या उंच माणसापेक्षा नेहमी पुढे असतो. घडीचे छोटे स्टूल मोटारसायकलला बांधून ठेवता येते. किरकोळ अंगाची माणसे दोन रांगांमधून अधिक सहज सरकतात, आणि खाली बसून घेतलेल्या छायाचित्राला उंची लागतच नाही. जिथे खरोखर पर्याय उरत नाही, तिथे आम्ही सगळेच दोन्ही हात वर करून, मागच्या पडद्यावर पाहत कॅमेरा धरतो. हव्या त्या कोनात वळणाऱ्या पडद्यामुळे आता ते पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. त्यासाठी उंचीपेक्षा खांद्यांचा दम महत्त्वाचा आहे आणि तो सरावाने येतो. घरी रोज पिशवीत दीड किलो वजन घालून ती दोन्ही हातांनी डोक्यावर सरळ धरावी, कोपर किंचित मोकळे ठेवावेत, श्वास रोखू नये, आणि हात थरथरू लागण्यापूर्वी खाली घ्यावेत. आठवड्यागणिक वेळ थोडा थोडा वाढवावा. अर्धा मिनिट स्थिर राहू लागलात, की कॅमेरा आणि लांब लेन्स घेऊन बिंदू चौकातल्या एखाद्या सभेला मागच्या रांगेत उभे राहा, हात वर करून वक्त्याचा चेहरा नीट घेता येतो का ते पाहा, आणि ती छायाचित्रे मोठी करून तपासा. क्षितिजरेषा तिरकी येत असेल तर कोणता खांदा आधी खचतो हे त्यातूनच समजेल, आणि मुद्गलाच्या जादा फेऱ्या त्याच हाताला द्याव्यात.